थंड खोलीतली संत्री

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मला मळमळायला लागतं. हे वाक्य मी सौंसरमध्ये कुठं बोलत नाही. इथं अन् पांढुर्ण्यात संत्र्याला नाव ठेवणं म्हणजे कुणाच्या लेकीला नाव ठेवण्यासारखं आहे. अर्धं गाव बगीच्यावर जगतं, उरलेलं पेट्या ठोकण्यावर नाही तर ट्रक भरण्यावर. पण काय करू? यंदाही बसच्या खिडकीतून पहिल्या ढिगाचा वास आला, आंबूस, गोडसर, ओल्या तणसाचा, आणि मी ओढणी नाकाला लावली. शेजारी जामसावळीच्या मारुतीला निघालेली एक बाई बसली होती, मांडीवर नारळ. म्हणाली, "काय झालं ओ बाई, बस लागते काय?" मी म्हटलं, "हो, बस लागते." खरं सांगत बसले असते तर तिचा स्टॉप निघून गेला असता.

लहानपणी असं नव्हतं. आई संत्र्याच्या साली उन्हात वाळवायची, कुटून डब्यात भरायची, आणि दिवाळीच्या आंघोळीला तोच वास अंगभर. आम्ही भावंडं ताजी साल चिमटीत धरून एकमेकांच्या डोळ्यात पिचकारी मारायचो. मग रड, मग पाठीत धपाटे. नखांत पिवळं शिरायचं ते दोन दोन दिवस जायचं नाही. वर्गात मास्तर हात पुढे करायला लावायचे आणि म्हणायचे, "बगीच्यात कोण कोण गेलं होतं हे विचारायचं कामच नाही." मला तो वास फार आवडायचा. तो माझ्याकडून हिसकावला गेला असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. मीच घालवला.

मी ज्या कचेरीत काम करते तिचं नाव सांगत नाही. पांढुर्णा मध्य प्रदेशातला नवा जिल्हा झाला, नव्या पाट्या लागल्या, आणि जुनी दप्तरं संगणकात भरायचं काम आमच्याकडे आलं. जमिनीची, गावठाणाची, शाळांच्या दाखल-खारीजची, म्हणजे मुलांची नावं घातल्या-काढल्याची जुनी रजिस्टरं. मी तिथली नेटवर्क पाहणारी. म्हणजे वायरी, डबे, मशीनी चालू आहेत की नाही ते बघायचं, आणि बंद पडल्या की बोलणी खायची. प्रशिक्षणाला भोपाळला पाठवलं होतं. तिथं दोन भारी शब्द शिकवले, हाय अव्हेलेबिलिटी आणि डिझास्टर रिकव्हरी. टाय लावलेला माणूस तीन दिवस बोलत होता, पण गोष्ट एवढीच: एक मशीन बसली तरी काम थांबू नये म्हणून जोडीला दुसरी तयार ठेवायची, पहिलीत जे जाईल ते त्याच घडीला दुसरीत उतरलं पाहिजे. आणि इमारतच जळाली, गावच बुडालं, तर एक नक्कल दूर दुसऱ्या गावी असली पाहिजे. एवढं सांगायला तीन दिवस, आणि रोज दोनदा बिस्किटं.

दुसरी मशीन सौंसरला ठेवायची असं कागदावर ठरलंही होतं. खोली मीच पाहून आले होते, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. पण आमचे बडे बाबू, म्हणजे हेड क्लार्क, म्हणाले, "सौंसरले एसी कोण लावून देते म्याडम? इथं एसी हाय, खोली हाय. दोघी बहिणी एका घरात राहू द्या ना." मी हसले. वाद घालायचा कंटाळा आला होता. अशी ती दुसरी मशीन पहिलीच्या मांडीला मांडी लावून पांढुर्ण्यातच बसली, आणि तिला भेटायला मी रोज सौंसरहून बसनं जाऊ लागले.

लाइनींचीही तीच गत. रोज संध्याकाळी सगळ्या दप्तराची एक नक्कल भोपाळला जायची. एक लाइन तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन कंपन्यांच्या दोन फायबर लाइनी घेतल्या. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला तेव्हा पहिलीची नाली उघडीच होती. त्यानं आपली केबल त्याच नालीत टाकली, पायानं माती लोटली, चहा पिऊन निघून गेला. "खोदलेलंच हाय तं पुन्हा कायले खोदायचं?" ह्यावर झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवाळीनंतर पाण्याच्या पाइपासाठी जेसीबी आला आणि एका घासात दोन्ही केबली घेऊन गेला. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी होते. आत गटाराचं काळं पाणी भरलेलं, त्यात दोन केबलींची तुटकी तोंडं शेजारी शेजारी, आणि एक मेलेली घूस फुगून वर आलेली. छी! दुरुस्ती लांबत गेली. तोवर कचेरी मोबाइलच्या नेटवर चालली. चिठ्ठ्याचपाट्या जायच्या, पण स्कॅन केलेली जड पानं भोपाळला काही जाईनात. तिथल्या यादीत आमच्या नावापुढे रोज 'प्रलंबित' उमटायचं, आणि आम्ही ते रोज पाहायचो.

पण खरी घाण त्याच्याही आधी होऊन बसली होती, अन् ती माझ्या हातची. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळे-कुदळी पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आम्ही मशीनी. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही असा रिवाज. पहिली मशीन बंद करता येत नव्हती, म्हणून बडे बाबू म्हणाले, "दुसरीले तरी सुट्टी द्या ना म्याडम. बिचारी बारा महिने उभी हाय." मी बटण दाबलं. तिचा पंखा घरघरत थांबला. जिथं तिचा हिरवा दिवा असतो, नेमकं तिथंच मी हळदीकुंकवाचं ओलं स्वस्तिक काढलं, झेंडूचा जाडजूड हार घातला. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. उद्या चालू करू, म्हटलं. उद्या दसरा. परवा कोणाच्या लक्षात? देवाचा हार कोण काढणार, अन् हळद खरवडून खालचा दिवा कोण बघणार? दर सोमवारी रजिस्टरात लिहायचं असायचं, 'दुसरी मशीन: चालू'. मी लिहायची. खुर्चीतून न उठता, पेन हातात असायचं म्हणून. मशीन बंद असली की एक ईमेल आपोआप जातो. तोही इमानेइतबारे जात होता, बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या पत्त्यावर.

मग संत्र्यांचा हंगाम आला. हंगामात कचेरीत पेट्या येतात. बगीचेवाले आणतात, ओळखीपाळखीचे आणतात, कोणी नागपूरच्या पाहुण्यांसाठी ठेवून जातं. सगळ्या इमारतीत थंड खोली एकच. पेट्या दुसरीकडे जातील कशा? आधी जमिनीवर आल्या, मग टेबलावर, मग पहिल्या मशीनीच्या डोक्यावर. मी दोनदा बोलले. "दोन दिवसाची गोष्ट हाय म्याडम, शनिवारी उचलतो." शनिवारी उचलायचे आणि सोमवारी नव्या यायच्या. त्यांत एक पेटी माझीही होती. नणंदेकडे पाठवायची म्हणून ठेवली होती, कशाला लपवू?

त्याच दिवसांत एका जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर माझ्या हाती आलं. माणसं कमी, म्हणून मीही स्कॅनिंगला बसायची. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पान उलटलं की मातकट भुगा मांडीवर. एका पानावर दौलत असं नाव होतं, बापाचं नाव, जात, गाव, आणि शेऱ्याच्या रकान्यात कुण्या मास्तरानं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'मुलगा हुशार'. त्या सगळ्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना तेवढ्या एकाच ओळीला भरलेला. म्हणून मी थांबले. शाई तपकिरी पडली होती. नीट यावं म्हणून ते पान मी दोनदा स्कॅन केलं. आपण तेव्हापासून इथलेच, हे दाखवायला गरिबाकडे असली एखादी ओळच असते. तिच्यावर जातीचा दाखला मिळतो आणि दाखल्यावर पोरांचं शिक्षण. नंतर ते रजिस्टर गठ्ठ्यात गेलं आणि गठ्ठा मागच्या आवारात. वाळवी दुसऱ्या दप्तरांना लागू नये म्हणून स्कॅन झालेली रजिस्टरं तिथं पेटवून द्यायचे. मशीनीत आहे ना सगळं! धूर आत यायला लागला तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली.

डिसेंबरातल्या एका सकाळी थंड खोलीचं दार उघडलं आणि आतून जो भपकारा आला तो अजून माझ्या टाळूला चिकटून आहे. वरच्या पेटीतली संत्री सडून त्यांचा रस फटीफटीतून थेट पहिल्या मशीनीत उतरला होता. हिरवी-पांढरी बुरशी, तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या, चिलटांचा थवा, जळक्या प्लास्टिकचा धूर, आणि दुसऱ्या मशीनीच्या गळ्यात झेंडूचा काळा चिखल. उंदरानं एक अर्धं खाल्लेलं संत्रं वायरींमध्ये ओढून नेलं होतं. मी दुसऱ्या मशीनीकडे धावले, नखानं हळद खरवडली. खाली दिवा विझलेला. तिथंच, एका पेटीवर हात टेकून, मी ओकले.

दुसरी चालू केली. बिचारी निमूट उठली. खंडेनवमीपर्यंतचं सगळं तिच्याजवळ शाबूत होतं, आणि नंतरचं एकही पान नव्हतं. भोपाळच्या नकलाही केबली तुटल्या त्या दिवसापर्यंतच्याच. पहिलीची डिस्क नागपूरला नेली. तिथल्या माणसानं डबा उघडला, नाक धरलं आणि विचारलं, "ह्याच्यात सरबत ओतलं का हो कोणी?" काही निघालं नाही.

अहवाल लिहायला बडे बाबूंनी मला समोर बसवलं. "लिहा म्याडम, आकाशीय बिजली."

"आभाळ तर कोरडं आहे बाबू."

"म्हणूनच तं! बिजलीले कोणी नोटीस नाही देत. देवाची करणी हाय, कोणाची नोकरी नाही जात." बोलताना त्यांच्या मिशीत संत्र्याचा पांढरा तंतू लटकत होता. मला त्याची इतकी शिसारी आली की त्याच्याकडे बघतच मी सही केली. शिसारी त्या तंतूचीच आहे असं तेव्हा वाटलं होतं.

चौथ्या दिवशी पंचफुलाबाई आली. पांढुर्ण्याजवळच्या खेड्यातली, बगीच्यांत संत्री तोडायला जाणारी. सोबत तिची मुलगी करुणा, काखेत प्लास्टिकची फाइल. "जयभीम म्याडम," पंचफुलाबाई म्हणाली. "माह्या सासऱ्याच्या नावाची नक्कल पायजे होती. शाळेचं रजिस्टर इथंच आणलं म्हणे. दौलत नाव हाय." करुणाचा सरकारी नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. बारा दिवसांत जातीचा दाखला दिला नाही तर जागा पुढच्या पोरीला जाणार होती, आणि दाखल्यासाठी आमच्या शिक्क्याची नक्कल लागत होती.

बडे बाबू म्हणाले, "बाई, बिजली पडली. रेकॉर्ड जळलं."

"बिजली? कवा?" पंचफुलाबाईनं विचारलं. "आमी तं दिवसभर बगीच्यातच असतो, बाबूजी. आमाले नाही दिसली."

मग तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला, त्या पानाचा जुना झेरॉक्स. लांबूनच मला शेऱ्याचा रकाना दिसला. मुलगा हुशार. बडे बाबूंनी कागद उलटसुलट केला. "झेरॉक्सवर शिक्का नाही मारता येत. मूळ पायजे. नाही तं मूळ ज्यानं पाहिलं, त्यानं लिहून द्याव, का बा, हे जुळते म्हणून." असं म्हणून त्यांनी झेरॉक्स अर्जाला टाचून ठेवला आणि ते छताकडे बघत राहिले. मी संगणकात डोळे घातले. पडद्यावर काहीच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं आणि झेरॉक्स कुठून आला ते विचारलं. "शाळेतल्या गुरुजीनं करू देल्ला होता, लय साल झाले. तीन हायत. एक घरी, एक लोधीखेड्याले बहिणीकडे, एक सौंसरले भावाकडे. एकदा नाल्याचं पाणी घरात शिरलं, पेटीतल्या साऱ्या कागदाचा लगदा झाला. तवापासून मी एका जागी दोन कागद ठेवत नाही, बापा." तीन दिवसांचं प्रशिक्षण ह्या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी मान हलवून आत गेले.

लिहून द्यायला मला काय झालं होतं? दोन ओळी. मूळ पान मी पाहिलं, स्कॅन केलं, हे जुळतं. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ते दुसऱ्या मशीनीत का नाही? तिथून हळद, बटण, सोमवारचं रजिस्टर, सगळं बाहेर आलं असतं. म्हणून आठ दिवस मी गप्प बसले. करुणा रोज यायची, बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसायची, मी समोरून गेले की उठून उभी राहायची. "म्याडम, आज होईल काय?"

"बघून राहिले ना मी," मी म्हणायची. असं कितीदा म्हटलं! घरी आले की हात धुवायची, पुन्हा धुवायची. एकदा नवऱ्यानं संत्रं सोलून फोडी ताटात ठेवल्या, मी ताटच सरकवलं. तो म्हणाला, "अवो, तुले झालं तरी काय?" मला स्वतःचीच घाण वाटत होती, दुसरं काय होणार होतं. सडकी संत्री मजुराकडून उचलून फेकता आली. ह्याचं काय करायचं ते समजत नव्हतं.

नवव्या दिवशी करुणा आली नाही. बाक रिकामा बघितला आणि मला ते सहन झालं नाही. मी लिहिलं. बटण मी बंद केलं. दिव्यावर हळद मी लावली. न पाहता 'चालू' असं मी लिहिलं. बिजली पडली नाही. मशीनीवरच्या पेट्यांत एक माझी होती. दौलत ह्या नावाचं मूळ पान मी डोळ्यांनी पाहिलं, ते ह्या झेरॉक्सशी जुळतं. बडे बाबूंनी वाचलं, चष्मा काढला. "म्याडम, तुमी तं सगळ्याईले बुडवून राहिल्या." मी म्हटलं, "बुडू द्या." कोणी बुडालं नाही, हे सांगायला हवं. मला एक कडक पत्र आलं, त्यांना तेवढंही नाही. माझा कागद मात्र ह्या टेबलावरून त्या टेबलावर सरकत राहिला. नक्कल निघाली, दाखला झाला, तोवर तारीख उलटून गेली होती आणि करुणाची जागा दुसरीच्या नावावर लागली होती. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर पुरलं असतं. आठ दिवस कमी पडले, आणि ते आठही माझ्याकडे होते.

आता नवीन मशीन आली आहे. जुनी दुसरी आता खरोखरच सौंसरला आहे, तीच मी पाहिलेल्या खोलीत. लाइनी दोन वेगळ्या रस्त्यांनी येतात. यंदा खंडेनवमीला बडे बाबू हार घेऊन आले तेव्हा मी दारात उभी राहिले. म्हटलं, "पूजा करा, दारावर करा. बटणाला हात लावू देणार नाही." ते मला म्हणाले, "देवाधर्माचं काहीच नाही काय तुमाले?" थंड खोलीच्या दारावर पाटी लावली आहे, इथे फळे ठेवू नयेत. परवा बघते तर पाटीच्या बरोबर खाली भिंतीला टेकून चार पेट्या. थू! एसीची हवा दाराच्या फटीतून तेवढी तरी लागते म्हणे.

आणि मागच्या आठवड्यात सौंसरच्या बसस्टँडवर पंचफुलाबाई भेटली. हातात तीच प्लास्टिकची पिशवी. मी वळून निघून जाणार होते, पण तिनंच हाक मारली. भाऊ घरदार आवरून नागपूरला चालला होता, त्याच्याकडचा कागद परत घ्यायला ती आली होती.

"करुणा कशी आहे?"

"पेट्या भरायले जाते. फार्म भरला हाय पुन्हा. पाहू, लागते काय नंबर." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "बाई, सौंसरचा कागद माझ्याकडे ठेवा. मी इथंच राहते. जिवापाड जपीन."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशवीची गाठ घट्ट केली. "नाही म्याडम. तुमी जपाल, थे मालूम हाय. पण एक कागद तुमच्या हापिसात हायच. तुमी बी हापिसातल्याच. दोन कागद एकाच जागी झाले ना मंग."

पांढुर्ण्याची गाडी लागली. जाता जाता तिनं ओच्यातून दोन संत्री काढून माझ्या हातात ठेवली. "घ्या, सकाळीच तोडले. गोड हायत." आणि ती गर्दीत शिरून वर चढली.

मी तिथंच बाकावर बसले, नख लावलं, सोललं. तोच वास. घशाशी आलं, तरी एकेक फोड गिळत दोन्ही संत्री संपवली. बियासुद्धा थुंकल्या नाहीत.